कादंबरीतल्या नोकरदार मैत्रिणींचं गुपित शेवटी फुटलंच पाहिजे का?

सांजवात
गेल्या महिन्यात पाय मुरगळला म्हणून तीन आठवडे घरूनच काम करत होते. लेकीनं लायब्ररीतून ओळीनं सहा पुस्तकं आणून दिली. सगळी हलकीफुलकी, आपण 'मैत्रिणींची' म्हणतो तसली. चौघीजणी असतात. एक बँकेत, एक डॉक्टर, एक जाहिरात कंपनीत, एक आयटीत. शनिवारी डेक्कनला कॉफी प्यायला भेटतात. एकीनं बाकीच्या तिघींपासून काहीतरी लपवलेलं असतं. पुस्तक अर्ध्याच्या पुढे सरकलं की कुणाचा तरी फोन टेबलावर राहतो, त्यावर मेसेज येतो, नको ती तो वाचते. मग कडाक्याचं भांडण, पन्नास पानं अबोला, कुणाच्या तरी वडिलांना हार्ट अटॅक आणि आयसीयूच्या बाहेर गळ्यात गळे. सहापैकी पाच पुस्तकांत हेच.

या पुस्तकांना मी नावं ठेवत नाहीये. आईच्या उशाशी असायची तेव्हापासून वाचतेय आणि पुढेही वाचणार. पण दोन गोष्टी खुपतात. कादंबरीतलं गुपित जवळजवळ नेहमी कुठल्यातरी पुरुषाचं असतं. मला नोकरीत बावीस वर्षं झाली. या काळात मैत्रिणींनी माझ्यापाशी ठेवलेली गुपितं आठवून पाहिली. एक दुसरीकडे इंटरव्ह्यू देत होती. एक सकाळी सात वाजता आयव्हीएफचं इंजेक्शन घेऊन दहाच्या मीटिंगला हजर असायची. एक दर महिन्याला आईला पैसे पाठवायची आणि घरी 'सोसायटीचा हप्ता' सांगायची. एकीला प्रमोशन मिळालं होतं आणि तिनं नाकारलं होतं. यातलं एकही पुरुषाचं लफडं नाही.

दुसरं म्हणजे, यातलं एकही फुटलं नाही. (वरची वाक्यंसुद्धा कुणाला ओळखू येणार नाहीत अशी फिरवून लिहिली आहेत.) आमची मैत्री त्या न फुटण्यावरच उभी आहे. मग पोटात राहिलेल्या गुपिताची गोष्ट होत नाही का? की आपल्याला ती वाचायचीच नसते?

बदामी_हलवा
वाचतेय. तो हार्ट अटॅक मीही किमान चार पुस्तकांत वाचलाय, बिचारे बाबा!

लेखनिक
मी एका ॲपवर क्रमशः कथा लिहिते, त्यामुळे स्वयंपाकघरातून सांगते. गुपित ही लेखिकेची सोय असते. वाचकाला माहीत आहे आणि मैत्रिणीला नाही, एवढं जमवलं की साधा चहा पिण्याचा प्रसंगही ताणला जातो. 'आता सांगेल, आता सांगेल' म्हणत वाचक पुढचा भाग उघडतो. मासिकांत कादंबऱ्या क्रमशः यायच्या तेव्हाही प्रत्येक हप्त्याच्या शेवटी काहीतरी टांगतं ठेवावंच लागायचं. दिवाळी अंकातल्या संपूर्ण कादंबरीची अडचण वेगळी. पानं मोजकी, त्यात चौघींची आयुष्यं बसवायची, मग एका स्फोटात सगळ्यांचे स्वभाव दाखवून मोकळं व्हायचं.

न फुटणारं गुपित मी एकदा लिहून पाहिलं. मैत्रिणीचा राजीनामा खिशात आहे हे नायिकेला माहीत असतं आणि ती शेवटपर्यंत बोलत नाही. अठराव्या भागाला वाचक चिडले. 'सांगून टाक ना गं तिला', 'कथा पुढे सरकत नाही'. विसाव्या भागात मी फोडलं. अजून रुखरुख आहे.

फेज३_वाला
धाग्यावर पुरुषांना परवानगी आहे असं धरतो. महाभारतातच सांगून ठेवलंय की हो, युधिष्ठिरानं समस्त स्त्रीवर्गाला शाप दिलाय, तुमच्या पोटात गोष्ट राहणार नाही म्हणून. लेखिका तरी काय करणार? (हलके घ्या.)

ओंकारेश्वर_घाट
@फेज३_वाला, हलकंच घेते, पण तो शाप कशासाठी दिला तेही सांगा. शांतिपर्वात आहे. कर्ण आपला भाऊ होता हे युद्ध संपल्यावर कळलं म्हणून युधिष्ठिर संतापला. म्हणजे कुंतीनं ती गोष्ट लग्नाआधीपासून कुरुक्षेत्र संपेपर्यंत पोटात ठेवली होती. सगळी हयात. तिच्याइतकं गुपित सांभाळणारं माणूस त्या ग्रंथात शोधून दाखवा, आणि शाप मात्र 'गोष्ट राहणार नाही' असा! मला तर तो शाप वाचताना दर वेळी तिच्या बाजूनं रडू येतं. पाच मुलं, दीर, जावा, एवढा मोठा गोतावळा, आणि जिला हे सांगावं अशी एक मैत्रीण तिला व्यासांनी दिली नाही.

फेज३_वाला
मान्य. शब्द मागे.

टोकन_नंबर_४२
साठी उलटलेली बाई आहे, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

मी १९८१ साली लक्ष्मी रोडवरच्या एका बँकेच्या शाखेत कारकून म्हणून लागले. कोणती ते सांगत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर जी होती तिला 'शे' म्हणते. शे चं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. पगार झाला की संध्याकाळी सगळा सासूबाईंच्या हातात, रोजचे बसचे पैसे मोजून परत. तेव्हा घरोघरी तसंच होतं, त्यांनाही वाईट म्हणवत नाही.

आमचा महागाई भत्ता अधूनमधून वाढायचा. एकदा वाढला आणि शे नं घरी सांगितलंच नाही. त्या वाढीतून तिनं पाच वर्षांचं रिकरिंग उघडलं, महिना पन्नास रुपये. पत्ता माहेरचा. पासबुक घरी नेणं शक्य नव्हतं, तिच्या ड्रॉवरला कुलूप नव्हतं, माझ्या होतं. जुन्या दिवाळी शुभेच्छापत्राचं एक गुलाबी पाकीट होतं, त्यात घालून ते माझ्या ड्रॉवरच्या तळाशी, कार्बन पेपरच्या गठ्ठ्याखाली ठेवलं. दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे बघून नुसता हात पुढे करायची. मी पाकीट द्यायची, ती नोंद करून आणायची, पाकीट परत कार्बनखाली. साठ महिने. त्यावर आम्ही चकार शब्द बोललो नाही. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी होते पैसे, तेही मला फार पुढे कळलं.

तिसऱ्या वर्षी तिचे मिस्टर काउंटरवर आले. ती जेवायला गेली होती. मला म्हणाले, वहिनी, हिचं पगाराशिवाय दुसरं खातं आहे का हो इथं? माझ्या पोटात गोळा आला, पण तोंडातून निघालं, "भाऊजी, कुणाच्याच खात्याचं आम्ही सांगत नाही, नोकरीला लागताना गुप्ततेच्या कागदावर सही केलीय." आणि ते खरंच होतं. बँकेत लागताना तशी सही द्यावीच लागते. त्या दिवशी त्या कागदानं मला तारलं. पुढचा अर्धा दिवस लेजरचा ताळा काही लागेना, सात रुपये वीस पैशांचा फरक येत होता आणि मला आकडे दिसत नव्हते.

सांजवात, तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलं. फुटलं नाही. गोष्ट आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

बदामी_हलवा
काकू, ते गुलाबी पाकीट डोळ्यांसमोर आलं. लिहीत राहा हो.

मगरपट्टा_डायरी
टोकनकाकू, दंडवत.

माझं कॉफीचं गुपित सांगते. माझंच आहे, त्यामुळे कुणाची परवानगी नको. मला दिवस गेले ते ऐन जानेवारीत आणि अप्रेझल मार्चअखेर. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आधी १२ च होती. कायदा बाजूनं आहे, नोकरीवरून काढता येत नाही हेही माहीत होतं. पण रेटिंगच्या चर्चेत 'ती तर सहा महिने नसणारच' असं वाक्य कुणी तोंडानं न बोलताही वजन टाकतं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत असतं.

आमच्या टीमचा रोज अकराला कॉफीचा रिवाज. मला त्या वासानं भडभडून यायचं, आणि मी कॉफी सोडली असती तर दुसऱ्या दिवशी मजलाभर झालं असतं. फक्त एकीला सांगितलं होतं. ती माझ्याशेजारी उभी राहायची, बोलता बोलता स्वतःचा रिकामा कप माझ्या हातात द्यायची आणि माझा भरलेला प्यायची. दोन्ही कप पांढरे, कंपनीचेच. सलग नऊ आठवडे रोज दोन कॉफ्या. तिला ॲसिडिटी आहे! मी नको म्हटलं तर म्हणाली, गप गं, सुंठ-साखर खाईन.

कुठल्याच कादंबरीत मला हे वाचायला मिळालं नाही.

आकडेमोड
सगळं गोड चाललंय म्हणून थोडं विरुद्ध लिहिते. न फुटणारं प्रत्येक गुपित मैत्रीच्या भल्याचं नसतं. आमच्यात सगळ्यात घट्ट झाकलेलं काय असतं? पगार. सासूचं, नवऱ्याचं, पाळीचं सगळं बोलतो आम्ही, पगार नाही.

मी आणि माझी मैत्रीण एकाच दिवशी, एकाच पदावर लागलो. डबा एक, कॅब एक, तिच्या बाळंतपणात मी हॉस्पिटलात झोपले. चार वर्षांनी गृहकर्जाचे कागद भरताना तिची स्लिप दिसली. तिला माझ्यापेक्षा वर्षाला दीड लाख जास्त होते, पहिल्या दिवसापासून. तिनं लागताना घासाघीस केली होती, मी केली नव्हती. तिचा गुन्हा काहीच नाही. पण मी चार अप्रेझल 'बरं मिळालं' म्हणून घरी पेढे नेले तेव्हा ती शेजारी बसून होती. मला पैशाचं नाही, त्या पेढ्यांचं लागलं.

समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला, पण शेजारणीला किती मिळतं हेच माहीत नसेल तर कुणी मागायचं कशाच्या जोरावर? म्हणून मला वाटतं, कादंबरीत गुपित फुटू द्या, फक्त हे असलं फुटू द्या. जाहिरातवाली आणि आयटीवाली एकदा पगाराच्या स्लिपा टेबलावर मांडतात, एवढाच प्रसंग कुणीतरी लिहा.

सांजवात
आकडेमोड, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही तिच्याशी बोललात का त्यानंतर?

आकडेमोड
बोलले. महिनाभरानं, सिंहगडावर, झुणका-भाकरीच्या पाटीसमोर. ती रडली, मी रडले. पुढच्या वेळी माझ्या पत्रातला आकडा तिनं ठरवून दिला. आता आम्ही सहाजणी आहोत ज्या एकमेकींना पगार सांगतो. सहावी परवाच आली.

चांदणी_चौक_रोज
मला राग येईल अशी चर्चा आहे ही, पण लिहिते. मी रोज बावधनहून खराडीला जाते. येताना सव्वा तास, पावसात दोन. घरी आल्यावर पोळ्या. रात्री साडेदहाला जी वीस मिनिटं मिळतात त्यात मला मैत्रिणीचं गुपित फुटायलाच हवं असतं! फुटावं, भांडाव्यात आणि पन्नास पानांनी त्यांनी एकमेकींना माफ करावं. कारण माझ्या आयुष्यात २०१४ साली असंच काहीतरी झालं आणि माफी झाली नाही. ती आता तिसऱ्या शहरात आहे. मी त्या आयसीयूच्या बाहेरच्या मिठीसाठी अख्खं पुस्तक वाचते. तुम्ही 'हार्ट अटॅक' म्हणून हसलात तेव्हा जरा टोचलं.

बदामी_हलवा
चांदणी, माझंच वाक्य होतं ते. चुकलं माझं. तुमचा प्रतिसाद वाचून मीही ती मिठी परत वाचणार.

समितीतली
कोरा आयडी काढून लिहितेय, कारण कळेल.

आमच्या ऑफिसच्या अंतर्गत समितीवर मी तीन वर्षं होते. कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा: दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं समिती हवी, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची. त्यातलं १६ वं कलम फार जणींना माहीत नसतं. तक्रारदार, जिच्यावर किंवा ज्याच्यावर तक्रार आहे ती व्यक्ती, साक्षीदार, चौकशीत काय झालं, यातलं काहीही बाहेर सांगायचं नाही.

एक तक्रार आली ती माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीच्या साहेबावर. ती त्याला देवमाणूस मानायची, त्यानंच तिला वर आणलं होतं. चौकशी चालू असताना तो रजेवर. ती रोज डब्याला मला विचारायची, काय झालंय गं सरांना, तुला काहीतरी माहीत आहे. मी भाजीचं विचारायची. शेवटी निकाल लागला, तो गेला आणि तिला बाहेरून कळलं की मी समितीवर होते. अकरा महिने माझ्याशी बोलली नाही. मला दिवसातून दहादा वाटायचं की एक वाक्य सांगावं. पण ज्या पोरीनं थरथरत्या हातानं आमच्यासमोर कागद ठेवला होता, तिलाही मी शब्द दिला होता, आणि ती माझी कुणीच नव्हती.

दोन बायकांचा विश्वास एकाच वेळी सांभाळता येत नाही असाही दिवस येतो. हलक्याफुलक्या पुस्तकात हे मावेल का, मला खरंच जाणून घ्यायचंय. मैत्रीण परत आली का, हे मी लिहिणार नाही.

लेखनिक
@समितीतली, मावेल. हलकं पुस्तक म्हणजे हलका विषय नव्हे, वाचणारीचा हात धरून नेणारी भाषा. मी प्रयत्न करेन. तुमचा प्रसंग न घेता.

तपकिरी_कव्हर
थोडं अवांतर. आमची सदाशिव पेठेत घरगुती लायब्ररी होती, आईनं बावीस वर्षं चालवली. नोकरदार बायका शनिवारी संध्याकाळी पुस्तक न्यायच्या आणि सोमवारी बसस्टॉपवर जाता जाता परत टाकायच्या. तपकिरी कागदाचं कव्हर, त्यामुळे बसमध्ये काय वाचताय ते कुणाला कळायचं नाही. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं शेरे असायचे, 'शेवट रडका', 'झकास', 'नायिका मूर्ख'. आई खोडरबर घेऊन बसायची, पण एका कादंबरीतला शेरा तिनं खोडला नाही. गुपित फुटतं त्या पानाच्या समासात कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मी नसतं सांगितलं.' त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात, 'मीपण.' त्याखाली तिसरं, नुसती बरोबरची खूण.

सांजवात, तुमचा धागा तिथेच सुरू झाला होता म्हणायचा.

ओंकारेश्वर_घाट
काय सुरेख आहे हे! पेन्सिलीचं ऐकून आणखी एक आठवलं. नोकरदार बाई आणि गुपित म्हटल्यावर पुण्यातून विभावरी शिरूरकरांना कसं वगळणार? १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, त्यात शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुली. घराला तिचा पगार हवा म्हणून तिचं लग्न लांबणीवर, हे तेव्हा छापून आलं आणि गदारोळ उठला, ही बाई कोण म्हणून. ते टोपणनाव होतं. त्यामागच्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर, हिंगण्याच्या कन्याशाळेत शिकवत होत्या. आसपासच्या मुलींची दुःखं पोटात साठवून ठेवणारीच बाई ती लिहू शकली, आणि लिहिताना स्वतःचं नाव लपवावं लागलं. ते पुस्तक हलकंफुलकं नव्हे, पण तुमच्या 'खरी गुपितं कुठे आहेत' या प्रश्नाचं एक उत्तर तिथे आहे.

पर्वती_पायथा
सगळं वाचलं. एक विचारते, राग मानू नये. टोकन_नंबर_४२, तुम्ही चाळीस वर्षं सांभाळलेलं इथे सगळ्यांसमोर लिहिलंत. शे ताई हयात असतील, त्यांच्या घरचं कुणी इथे असेल, तर? महागाई भत्ता, लक्ष्मी रोड, नर्स बहीण, ओळखणारा ओळखेल. धागा 'फुटलंच पाहिजे का' असा आहे आणि ते इथेच फुटलं, असं मला वाटलं.

मगरपट्टा_डायरी
अगं पर्वती, इतक्या वर्षांनी काय होतंय? सासूबाई तरी असतील का!

पर्वती_पायथा
वर्षांवर नसतं ते. जिचं गुपित आहे तिनं सोडवायचं असतं.

सांजवात
पर्वतीचं बरोबर आहे, आणि काकूंना बोलतं माझ्या प्रश्नानं केलं, त्यामुळे माझीही जबाबदारी आहे. काकू, तुम्ही म्हणाल तर संपादकांना सांगून प्रतिसाद काढून टाकू. राग मानू नका.

बाकी मला उत्तर मिळत चाललंय. मी 'फुटणं' आणि 'सांगणं' एकच धरून बसले होते. आकडेमोडच्या सहाजणी, रिकामा कप, समासातली खूण, यात कुणीतरी कुणाला काहीतरी सांगितलंयच, पण ते फुटलं नाही. त्या पाच कादंबऱ्यांत कुणी कुणाला सांगतच नाही हो, सगळं फोनवरून कळतं. म्हणून मला त्या मैत्रिणी वाटत नव्हत्या.

टोकन_नंबर_४२
दोन दिवस इथे आले नाही. पर्वती, राग नाही, लाज वाटली. लिहायच्या आधी विचारायला हवं होतं. काल सकाळी शे कडे गेले, आता ती धायरीला लेकाकडे असते. फोनवर हा सगळा धागा तिला वाचून दाखवला, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. माझा प्रतिसाद आला तेव्हा मी थांबले. ती म्हणाली, वाच पुढे.

संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. सून चहा घेऊन आली तेव्हा तिलाच म्हणाली, हे ऐक गं, मी काय केलं होतं ते. आणि माझ्यासमोर सगळं पहिल्यापासून सांगितलं. मिस्टर काउंटरवर आले होते हे मात्र तिला काल पहिल्यांदा कळलं. ते मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. माझा हात धरून बसली होती.

प्रतिसाद राहू द्या असा तिचा निरोप आहे. एक दुरुस्ती करायला सांगितलीय. महिना पन्नास नव्हते, चाळीस होते. पन्नास तिला झेपलेच नसते. आणि पाकीट गुलाबी नव्हतं म्हणते, पिवळं होतं. त्यावर आमचं एकमत नाही.